शाळा पालकांची, मूल कुणाचं?

रोममधल्या सान लोरेन्झो वस्तीतल्या एका भाड्याच्या इमारतीत १९०७ साली नियमांचा एक कागद भिंतीवर लागला. वस्ती मजुरांची. आईबाप सकाळीच कामावर जात आणि मागे राहिलेली पोरं दिवसभर जिन्यांवर हुंदडत, भिंती खरवडून, रंगवून ठेवत. इमारतींची मालकी असलेल्या कंपनीला हा दुरुस्तीचा खर्च जड जाऊ लागला. कंपनीचे प्रमुख एदुआर्दो तालामो यांनी त्यावर हिशेबी तोड काढली. पोरांना इमारतीतल्याच एका खोलीत जमवायचं, त्यांच्यावर एक बाई नेमायची आणि भिंतींच्या दुरुस्तीत जो पैसा वाचेल त्यातून हा खर्च भागवायचा. हे काम त्यांनी मारिया माँटेसरी या ३६ वर्षांच्या डॉक्टरबाईंवर सोपवलं. ६ जानेवारीला खोलीचं दार उघडलं. जगभर पसरलेल्या एका शिक्षणपद्धतीचा जन्म असा रंगरंगोटीच्या बिलातून झाला.

तो कागद वाचण्यासारखा आहे. तीन ते सात वर्षांच्या मुलांना प्रवेश, फी नाही. मुलाला न्हाऊमाखू घालून, स्वच्छ एप्रन चढवून वेळेवर पाठवायचं. बाईंचा मान राखायचा. आठवड्यातून एकदा तरी आईने बाईंना भेटून मुलाविषयी बोलावं, अशी सोय. शेवटी, नाव कुणाचं कापलं जाईल तेही लिहिलेलं होतं. अस्वच्छ येणाऱ्या मुलाचं, कशानेही न आवरणाऱ्या मुलाचं, आणि ज्याचे आईबाप बाईंशी उद्धटपणे वागतात किंवा आपल्या वर्तनाने शाळेचं काम बिघडवतात त्या मुलाचं. गुन्हा बापाचा आणि घरी बसणार पोर!

गंमत अशी की त्याच सुमारास अशाच एका बालगृहाच्या उद्घाटनाच्या भाषणात माँटेसरीबाईंनी सांगितलं की ही शाळा पालकांची सामुदायिक मालमत्ता आहे. शाळा घरातच आणली आहे, पालकांनी भिंती जपून वाचवलेल्या पैशातून ती चालते, म्हणून ती त्यांची. म्हणजे पालक मालकही आणि नियमाने बांधलेले भाडेकरूही. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत निरनिराळ्या देशांत पालकांनी एकत्र येऊन माँटेसरी शाळा काढल्या. चारदोन कुटुंबांनी जागा भाड्याने घेतली, वर्गणी काढून साधनं आणली, ताई नेमली, समिती केली. या प्रत्येक शाळेच्या पोटात ही जुनी अडचण कायम आहे. पालक ज्या विचारासाठी पदरचे पैसे मोडून शाळा काढतात, तो विचार त्यांना सांगतो की मुलाच्या वाटेतून आधी तुम्ही बाजूला व्हा.

बाजूला व्हायचं म्हणजे काय, हे सान लोरेन्झोतल्या काही प्रसंगांतून दिसतं. सुरुवातीला साधनं कुलूपबंद कपाटात असत, बाई ती काढून वाटत. एक दिवस बाईंना यायला उशीर झाला, आणि आदल्या दिवशी कपाटाला कुलूप लावायचंही राहिलं होतं. बाई आल्या तर मुलांनी हवं ते आपल्या हाताने काढून घेतलेलं, आणि जो तो कामात गुंतलेला. बाईंना ती चोरी वाटली, शिक्षा करावी असं त्यांच्या मनात आलं. माँटेसरींनी त्यात निवड पाहिली. मुलाला साधनं इतकी ओळखीची झाली आहेत की काय हवं ते त्याचं त्याला कळतं. कपाटं गेली, आणि मुलांच्या हाताला लागतील अशा बुटक्या उघड्या मांडण्या आल्या. तीन वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्याच्या खाचांत दट्टे बसवत आणि पुन्हा काढत होती. तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, भोवती इतर मुलांना गाणी म्हणायला लावलं, तरी तिचं लक्ष ढळलं नाही. चाळीसहून अधिक वेळा तेच काम करून ती आपणहून थांबली, झोपेतून उठल्यासारखी ताजीतवानी.

अशा वेळी मोठ्या माणसाने करण्यासारखं काहीच उरत नाही. दट्टा चुकीच्या खाचेत गेला तर शेवटी एक दट्टा उरतो, चूक साधनच दाखवतं. ‘शाब्बास’ म्हणायचं नाही, कारण ते म्हटलं की मूल दट्ट्याकडे न बघता बाईंच्या तोंडाकडे बघू लागतं. वर्गात प्रत्येक साधन एकच असतं. गुलाबी मनोऱ्याचे एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतचे दहा घन एका मुलाने घेतले असतील तर दुसऱ्याने थांबायचं. पालकसभेत या एका गोष्टीवर हमखास वाद होतो. ‘आपण वर्गणी भरतो, मग दोन मनोरे घ्यायला काय हरकत आहे?’ असं कुणीतरी विचारतं. हरकत पैशाची नसते. थांबणं हा त्या वर्गातला अभ्यासाचा विषय आहे, हे वर्गणी भरणाऱ्याच्या गळी उतरवावं लागतं.

मात्र पालकांनी नुसतं गप्प बसावं, असाही याचा अर्थ निघत नाही. सान लोरेन्झोतल्या मुलांना लिहिणं-वाचणं शिकवायचा माँटेसरींचा सुरुवातीला विचार नव्हता. एवढ्या लहान वयात अक्षरं नकोत, हे तेव्हाचं सर्वमान्य मत त्यांचंही होतं. मग दोन-तीन आया त्यांच्याकडे आल्या. स्वतः निरक्षर बाया. आमच्या पोरांना लिहा-वाचायला शिकवा, म्हणाल्या. बाईंनी नाखुशीनेच ते मान्य केलं आणि सँडपेपरची अक्षरं कापून घेतली, बोटांनी गिरवण्यासाठी. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गच्चीवर ऊन खात असताना एका मुलाला त्यांनी खडूने धुराड्याचं चित्र काढायला सांगितलं. चित्र झाल्यावर त्याला एकदम उमगलं की आपल्याला लिहिताही येतं, आणि तो फरशीवर शब्द लिहीत सुटला. त्याचं पाहून बाकीचे. घरोघरी जमिनीवर, पावाच्या कडांवरसुद्धा शब्द उमटू लागले, तेव्हा आयांनी वैतागून कागद-पेन्सिली आणून दिल्या. जी पाहायला पुढे इंग्लंड-अमेरिकेहून लोक आले, ती चार-पाच वर्षांच्या मुलांची लेखनाची आवड पालकांच्या मागणीतून सुरू झाली होती. पालकांनी लुडबूड करू नये असं सांगणाऱ्यांनी या बायांना विसरू नये.

फरक मागण्याच्या पद्धतीत आहे. त्या आयांना वर्गात बसून अक्षरं गिरवून घ्यायची नव्हती, वेळापत्रक ठरवायचं नव्हतं. आपल्या पोराला काय मिळायला हवं ते त्या बोलल्या आणि कामावर गेल्या.

१९३६ साली निघालेल्या ‘बालपणाचं रहस्य’ या अर्थाच्या पुस्तकात माँटेसरींनी शिक्षकाच्या तयारीवर एक प्रकरण लिहिलं. त्यात अध्यापनाच्या क्लृप्त्या नाहीत. त्यांच्या मते मोठ्या माणसाला लहानांशी वागताना दोन पापं जडतात, क्रोध आणि गर्व. ती ओळखून टाकून द्यायला हवीत, आणि ते एकट्याने जमत नाही, दुसऱ्याने दाखवून द्यावं लागतं. बाई श्रद्धाळू कॅथलिक होत्या. कबुलीजबाबाची सवय असलेल्या धर्मातून हा विचार आलेला दिसतो. मराठी वाचकाला इथे षड्रिपूंतले क्रोध आणि मद दिसतील. मोठा माणूस समोरच्या बरोबरीच्या माणसावर रागावला तर तो उलट बोलेल म्हणून जपतो. मूल उलट बोलू शकत नाही, म्हणून तिथे राग आणि गर्व एकमेकांच्या गळ्यात गळा घालून ‘शिस्त’ या नावाने वावरतात. पालकांच्या बाबतीत या यादीत मोहही घालावा लागेल. पगारी शिक्षकाला तो सहसा नडत नाही.

यामागचा खरा प्रश्न धर्माचा आहे. मूल जन्मतः काय असतं? ख्रिस्ती परंपरेत मूळ पापाची कल्पना आहे. माणूस जन्माला येतो तोच पडलेल्या स्वभावाचा, त्याला वळण लावलं नाही तर तो घसरणारच. हे मानलं तर मुलाला मोकळं सोडणं हा अधर्म ठरतो. पोप अकरावे पायस यांनी ३१ डिसेंबर १९२९ रोजी शिक्षणाविषयी जे परिपत्रक काढलं, त्यात मूळ पाप आणि कृपा विसरून मुलाच्या निसर्गावर सगळी भिस्त ठेवणाऱ्या पद्धतींवर कडक टीका होती. माँटेसरींचं नाव त्यात नव्हतं, पण त्यांच्याकडे संशयाने पाहणाऱ्या कॅथलिकांना हत्यार मिळालं. विशेष म्हणजे आधीच्या पोपांनी, पंधराव्या बेनेडिक्टांनी, १९१८ साली त्यांच्या कामाला स्वहस्ते आशीर्वाद लिहून दिला होता.

याच परिपत्रकात दुसरीही एक बाजू होती. मुलाच्या शिक्षणावर पहिला हक्क कुटुंबाचा, राज्यसत्तेचा नव्हे, असं त्यात ठासून म्हटलं होतं. निशाणा उघड होता. इटलीत तेव्हा मुसोलिनीचं राज्य होतं आणि शाळकरी पोरांना गणवेश घालून, हातात लुटुपुटीच्या बंदुका देऊन कवायत शिकवली जात होती. मूल राष्ट्राचं, हा त्याचा दावा. मुसोलिनीने १९२४ पासून माँटेसरी शाळांना आश्रय दिला, कारण पाच वर्षांचं मूल लिहितं, शिस्तीत बसतं, हे देशाच्या कीर्तीला शोभणारं होतं. बाईंनीही तो आश्रय दहा वर्षं घेतला, हे त्यांच्या चरित्रातलं अवघड पान. मुलांची शिस्त आज्ञेतून आलेली नाही, स्वतःच्या कामात बुडण्यातून आलेली आहे, हे ध्यानात आल्यावर दोघांचं फाटलं, आणि १९३४ साली इटलीतल्या माँटेसरी शाळा बंद पडल्या. चर्च म्हणतं मूल देवाचं, आणि देवाच्या वतीने आईबापाचं. मुसोलिनी म्हणतो राष्ट्राचं. आणि ही बाई म्हणते, त्याचं त्याचं. मोठ्या माणसाने कमावण्यासाठी काम करावं, मुलाने माणूस घडवण्यासाठी, आणि हे दुसरं काम त्याच्या वतीने कुणालाच करता येत नाही.

पोपच्या त्या वाक्याचा आधार घेऊन कॅथलिक आईबापांनीच माँटेसरी शाळा काढावी, हे पुढे अमेरिकेत घडलं. कनेक्टिकट राज्यातल्या ग्रीनिच गावी १९५८ साली ‘व्हिटबी’ शाळा सुरू झाली. पुढाकार नॅन्सी मॅककॉर्मिक रॅम्बुश यांचा. त्या स्वतः आई होत्या, लंडनला जाऊन प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. भोवती काही सुशिक्षित कॅथलिक कुटुंबं जमली. मूल शिकवण्याचा पहिला अधिकार आपला, तर पाद्री आणि नन यांच्या शाळांवर तो सोपवून मोकळं का व्हायचं, हा त्यांचा सवाल. अमेरिकेत ही पद्धत तोवर विस्मरणात गेली होती. १९१३ साली माँटेसरी तिथे गेल्या तेव्हा त्यांचं जंगी स्वागत झालं, पण पुढच्याच वर्षी विल्यम किलपॅट्रिक या वजनदार शिक्षणशास्त्रज्ञाने छोटंसं पुस्तक लिहून ती पद्धत मोडीत काढली होती.

व्हिटबीचं नाव ‘टाइम’ साप्ताहिकात १९६१ साली झळकलं आणि देशभरातले पालक चौकशी करू लागले. त्यातल्या कितीजणांना मुलाच्या आत्म्याची चिंता होती, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. रशियाने १९५७ साली स्पुटनिक सोडल्यापासून अमेरिकन मध्यमवर्गाला आपली मुलं मागे पडतील ही धास्ती बसली होती, आणि चार वर्षांचं मूल वाचतं ही बातमी त्या धास्तीवर औषधासारखी लागू पडली. माँटेसरींचा मुलगा मारिओ आणि रॅम्बुश यांचं काही वर्षांतच बिनसलं. त्याला पद्धत जशीच्या तशी हवी होती, रॅम्बुश यांना ती अमेरिकन संसारात बसवायची होती. ‘माँटेसरी’ या नावावर हक्क कुणाचा हे भांडण अमेरिकेच्या ट्रेडमार्क मंडळापुढे गेलं. १९६७ साली निकाल लागला की हे नाव कुणा एकाच्या मालकीचं नाही. आपल्या गल्लीतल्या ज्या बालवर्गात साडेतीन वर्षांच्या पोराला एबीसीडीचा गृहपाठ मिळतो, तिथेही पाटीवर ‘माँटेसरी’ लिहायला म्हणूनच कुणाची आडकाठी होत नाही.

भारतात ही गोष्ट सुरू झाली ती एका वकील बापाच्या काळजीने. काठियावाडातल्या वढवाणला वकिली करणाऱ्या गिजुभाई बधेका यांना १९१३ साली मुलगा झाला. याला कुठल्या शाळेत घालायचं? त्या वेळच्या शाळा त्यांना पाहवत नव्हत्या. एका स्नेह्याने माँटेसरींवरचं पुस्तक हाती ठेवलं, आणि वकिली सुटली. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी १९२० साली बालमंदिर काढलं. संस्थेचं नाव या विषयाला चपखल बसतं. दक्षिणामूर्ती हे शंकराचं गुरुरूप. वटवृक्षाखाली बसलेला हा गुरू तरुण आहे, शिष्य म्हातारे आहेत, आणि तो मौनातून शिकवतो. माँटेसरीच्या वर्गातला शांततेचा खेळ ज्याने पाहिला असेल त्याला हे नाव जास्तच पटेल. त्या खेळाचा जन्म सान लोरेन्झोत झाला. अंगणात भेटलेल्या एका आईच्या कडेवरचं चार महिन्यांचं बाळ घेऊन बाई वर्गात आल्या आणि मुलांना म्हणाल्या, इतकं निश्चल राहायला तुम्हाला जमेल का? मुलांनी श्वाससुद्धा जपून घेतला. मग बाईंनी दुसऱ्या खोलीतून एकेकाचं नाव कुजबुजत हाक मारली, आणि जो तो पाय न वाजवता उठून आला. आजही हा खेळ खेळतात. हाक शेवटी येईपर्यंत दबा धरून बसलेल्या तीन वर्षांच्या पोराला पाहिलं की ‘मुलं एक मिनिट स्थिर बसत नाहीत’ म्हणणाऱ्याची जीभ अडखळते.

गिजुभाईंनी सगळंच जसंच्या तसं घेतलं नाही. सहा वर्षांखालच्या मुलांना परीकथा सांगायला माँटेसरींचा विरोध होता. मुलाला अजून खरं-खोटं नीट कळत नाही, तेव्हा मोठ्यांच्या कल्पना त्याच्या डोक्यात भरू नयेत, असं त्या म्हणत. गिजुभाईंनी काठियावाडातल्या लोककथा गोळा करून मुलांसाठी त्यांचे ढीग लावले, गोष्ट सांगण्याचं शास्त्र लिहिलं, बालमंदिरात नाटकं आणली. आजीच्या मांडीवर गोष्ट ऐकत वाढणाऱ्या देशात दुसरं काही चाललंही नसतं. पालकांसाठीही त्यांनी भरपूर लिहिलं. एका पुस्तकाचं गुजराती नावच ‘मा-बाप थवुं आकरुं छे’, म्हणजे आईबाप होणं अवघड आहे. १९३९ च्या जूनमध्ये ते गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस माँटेसरीबाई अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासला उतरल्या.

अहमदाबादेत एका घराने तर आपल्या मुलांपुरतीच शाळा काढली. गिरणीमालक अंबालाल साराभाई आणि सरलादेवी यांना आठ मुलं. शाहीबागेतल्या ‘रिट्रीट’ या बंगल्यात त्यांनी माँटेसरीच्या विचारावर शाळा उभी केली. त्यासाठी देशी-विलायती शिक्षक आणले. त्यांतले एडविन स्टँडिंग यांनी पुढे माँटेसरींचं चरित्र लिहिलं. पालकांनी चालवलेल्या शाळेचं इतकं शुद्ध उदाहरण दुसरं सापडणार नाही, आणि इतकं महागडंही. पण या घराला मुलांनी आपल्यासारखं व्हावं ही अट घालता आली नाही. अंबालालांची बहीण अनसूयाबेन १९१८ च्या गिरणी संपात मजुरांच्या बाजूने भावाविरुद्ध उभी राहिलीच होती. थोरली लेक मृदुला सत्याग्रहात तुरुंगात गेली, आणि स्वातंत्र्यानंतर शेख अब्दुल्लांची बाजू घेतली म्हणून स्वतंत्र भारताच्याही तुरुंगात गेली. विक्रम भौतिकशास्त्राकडे वळला. गीता पखवाज शिकली. लीनाने १९४७ साली ‘श्रेयस’ ही शाळा काढली. यात शाळेचा वाटा किती आणि घराच्या ऐपतीचा किती, हे कुणी वेगळं करून दाखवू शकणार नाही. पण मुलाच्या वाटेतून बाजूला होण्याची परीक्षा मूल सहा वर्षांचं असताना होत नाही. ते वीस वर्षांचं होऊन बापाच्या सरकारदरबारातल्या ओळखींना अडचणीत आणतं तेव्हा ती होते.

अहमदाबादचं आणखी एक देणं आहे. युद्ध संपल्यानंतर माँटेसरींनी तिथे जो प्रशिक्षणवर्ग घेतला, त्यातल्या व्याख्यानांवरून त्यांचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक तयार झालं. शून्य ते सहा वर्षांचं मूल शिकत नाही, ते टिपून घेतं, हा त्याचा गाभा. भाषा जशी कुणी न शिकवता मुलात उतरते, तशा भोवतालच्या माणसांच्या श्रद्धा, भीती, तिरस्कार आणि भक्तीही उतरतात. उदाहरण म्हणून त्यांनी भारतीयांना प्राण्यांविषयी वाटणारा आदर घेतला आहे. मोठेपणी तो कुणाला शिकून आणता येत नाही.

इथे संस्काराचा प्रश्न निराळ्याच कोनातून उभा राहतो. मराठी घरांत लहान मुलावर संस्कार ‘करायचे’ असतात. त्यासाठी सुटीत वर्ग असतात, शुभंकरोती, रामरक्षा, पाढे असतात. पालकांच्या शाळेत मग वाद होतात. प्रार्थना म्हणायची की नाही? म्हणायची तर कुणाची? गणपती बसवायचा, तर नाताळचं झाड का नाही? दोन्ही पक्ष एकच गोष्ट धरून चाललेले असतात की धर्म म्हणजे मुलाला दिलेला पाठ, द्यावा किंवा रोखून धरावा. टिपून घेणाऱ्या मनाचा विचार खरा असेल तर हा वाद बराचसा पोकळ आहे. रामरक्षा वगळली तरी आई मोलकरणीशी कशी बोलते ते मूल टिपतंच आहे. प्रार्थनेचा तास ठेवला आणि बाबा फोनवर खोटं बोलले, तर दोन्ही एकाच झोळीत जमा होतात. पूर्वजन्माचे संस्कार घेऊन मूल येतं असं मानणाऱ्या थिऑसॉफीच्या मंडळींत बाई काही वर्षं राहिल्या. त्यांनी पुनर्जन्माचा पुरस्कार केला नाही, पण मुलाच्या आत त्याचा स्वतःचा वाटाड्या असतो, या त्यांच्या म्हणण्याला अड्यारमध्ये तरी कुणाला दचकायचं कारण नव्हतं.

बार्सिलोनात धर्मशिक्षणाचा त्यांचा जो प्रयोग झाला, त्यात मुलं गहू पेरत, द्राक्षं लावत, आणि मिस्सेत वापरली जाणारी भाकरी आणि वाइन कुठून येते ते हातांनी समजून घेत. पुढे रोममध्ये सोफिया कावाल्लेत्ती आणि जाना गोब्बी यांनी १९५४ पासून त्यातूनच मुलांच्या धर्मशिक्षणाची स्वतंत्र वाट काढली. तीत उपदेश थोडा, हाताळण्याच्या वस्तू पुष्कळ. हिंदू घरातल्या पोराला देवपूजेत फुलं वेचायचं, गंध उगाळायचं काम आवडतं, श्लोकाची कवायत आवडतेच असं नाही, हे कुठल्याही आजीला ठाऊक असतं.

आणि खुद्द बाईंचं काय? मारिओ हा त्यांचा लग्नाविना झालेला मुलगा, १८९८ सालचा. त्याला त्यांनी खेड्यात दुसऱ्यांकडे वाढायला ठेवलं, आणि तो किशोरवयात आल्यावर जवळ घेतलं. जगापुढे ओळख करून देताना कधी भाचा, कधी दत्तक असं सांगितलं. १९४० साली इटली युद्धात उतरल्यावर इंग्रज सरकारने भारतात मारिओला स्थानबद्ध केलं. ३१ ऑगस्टला बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी व्हाइसरॉयने ‘तुमच्या मुलाला’ सोडत असल्याची तार पाठवली. सार्वजनिक कागदावर त्यांचं नातं सरकारने आधी लिहिलं. हे सांगून त्यांना दांभिक ठरवणं सोपं आहे. ज्या बाईला आपल्या मुलावर हक्क सांगता आला नाही, तिनेच मुलावर कुणाचाच हक्क नसतो असा सिद्धांत मांडला, हेही खरं. पण त्याने सिद्धांत खोटा ठरत नाही.

महाराष्ट्रात हा विचार ताराबाई मोडकांनी आणला, आणि त्याची सगळ्यात कठीण परीक्षाही त्यांनीच घेतली. गिजुभाईंच्या सहकारी म्हणून त्या भावनगरला होत्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार चालवलं. तिथला पालक शिकलेला, सभेला येणारा, मासिक वाचणारा. पण ही पद्धत अशाच पालकांपुरती राहिली तर सान लोरेन्झोचा अर्थ काय उरला, ही टोचणी त्यांना होती. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांना बरोबर घेऊन. तिथल्या वारली आईबापांना समिती, वर्गणी, सभा हे काहीच शक्य नव्हतं. दिवस उजाडला की आई मजुरीला, थोरलं पोर गुरांमागे किंवा धाकट्याला कडेवर घेऊन. मूल शाळेत येत नाही म्हणून शाळाच पाड्यावर गेली, कुणाच्या तरी अंगणात. अंगणवाडी ती हीच. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणातच शाळा भरली. विलायती साधनांची जागा शंख-शिंपले, बिया, पानं, दगडगोटे, बांबूच्या कांड्या यांनी घेतली. ताई आधी मुलांना आंघोळ घालीत, नखं कापीत, केस विंचरीत. दोन मनोऱ्यांवर वाद घालणाऱ्या समितीने हे एकदा वाचावं.

ताराबाईंनी रुजवलेलं अंगणवाडी हे नाव २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेने उचललं. पद्धत मात्र बरीचशी कोसबाडच्या टेकडीवरच राहिली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तर पालकांना कागदावर शाळा चालवायलाच दिली. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि शाळेचा विकास आराखडा या समितीनेच करायचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत ही समिती बसते तेव्हा विषय असतात पोषण आहार, वर्गखोलीचं छप्पर, मुलींचं स्वच्छतागृह, आलेलं अनुदान. सगळे खरे विषय. मूल कसं शिकतं हा विषय निघाला तरी समितीने त्यात काय बोलायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. शिवाय कायदा सहा ते चौदा वयाचा. माँटेसरी, गिजुभाई आणि ताराबाई यांनी ज्या तीन ते सहा वर्षांसाठी आयुष्य वेचलं, ती वर्षं त्याच्या हक्कात मोडत नाहीत. त्याच आवारातल्या शेजारच्या खोलीत भरणारी अंगणवाडी दुसऱ्या खात्याची असते, आणि तिच्या तक्त्यांत मुलाचं वजन भरायला रकाना असतो.